घरफाळा भरला म्हणून घर नावावर होत नाही

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतले एक काका ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात मिठाईच्या दुकानाची जुनी पिशवी होती. टेबलावर पालथी केली. घरफाळ्याच्या पावत्यांचा गठ्ठा, वर्षवार लावून रबर घातलेला. लाइट बिलं. पाण्याची बिलं. आणि सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला १९९४ सालचा बाँड, म्हणजे स्टॅम्प पेपरवर लिहिलेला खरेदीचा कागद. घड्यांवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला.

"तीस वर्षं घरफाळा आमीच भरतोय. घर आमचंच हाय. फकस्त पोराला कर्ज काढायचं हाय, तर बँकवाले म्हणत्यात कागद आणा. कागद म्हंजे ह्येच की!"

मी वकील नाही. वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करतो, एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अशा पिशव्या बऱ्याच बघितल्या, त्यामुळं पावत्यांना हात न लावता मी आधी बाँड उघडला. "सदरची मिळकत मी तुम्हांस कायम खुष खरेदी दिलेली असून ताबाही दिलेला आहे." खाली विकणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. नोंदणीचा शिक्का कुठंच नाही.

काका अडाणी नव्हते, सूतगिरणीत हिशेब बघायचे. पण 'नावावर' या शब्दानं त्यांना फसवलं होतं. आपण बोलताना घरफाळ्याला नाव, लाइट बिलाला नाव, उताऱ्याला नाव आणि खरेदीपत्राला नाव हे सगळं एकाच श्वासात 'नावावर' म्हणून मोकळे होतो. कायद्याच्या लेखी ही वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यातल्या एकाच कामानं मालकी इकडून तिकडं जाते.

घरफाळा म्हणजे महापालिकेचा कर. इमारत आहे, तर कर आला पाहिजे. तो मालकानं भरला, भाडेकरूनं भरला की जावयानं, पावती फाडणाऱ्याला काही फरक पडत नाही. पावतीवर नाव असणं म्हणजे तुमच्याकडं वसुलीला यायचं एवढंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा त्यातलाच. पाचगाव, उचगाव, कळंब्याकडं कितीतरी व्यवहार "आठचा उतारा हाय की" या भरवशावर झालेत. तोही कर आकारणीचा कागद आहे.

सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड यांची जागा घरफाळ्याच्या बरीच वर. ही सरकारनं ठेवलेली हक्कांची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५७ म्हणतं की ही नोंद खरी धरायची, पण कुणी पुराव्यानं खोटी ठरवेपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयानंही पुन्हा पुन्हा सांगितलंय की महसुली नोंदीनं मालकी जन्माला येत नाही आणि मरतही नाही.

मालकी जाते ती दस्तानं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५४: शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी झालेला दस्तच लागतो. १८८२ मध्ये शंभर रुपयांना काहीतरी येत असेल. आज त्याचा अर्थ प्रत्येक घर, प्रत्येक प्लॉट, प्रत्येक गुंठा. नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम १७ नोंदणी सक्तीची करतं, आणि कलम ४९ सांगतं की नोंदणी सक्तीची असूनही केली नाही, तर त्या कागदानं मिळकतीवर काहीही परिणाम होत नाही. काकांच्या बाँडचं तेच झालं होतं.

इथं लोकांचा एक हमखास घोळ होतो. बाँड, म्हणजे स्टॅम्प पेपर, म्हणजे सरकारला भरलेला मुद्रांक. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन, सही-अंगठा-फोटो देऊन तो दस्त सरकारी पुस्तकात कायमचा उतरवणं. स्टॅम्प लावला म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे तर नोंदणी नव्हेच नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या बाँडचं काम पाचशेवर गेलंय. पाचशेचा घेतला म्हणून त्या कागदाला जास्त जोर येतो असंही नाही.

मग काकांची तीस वर्षं पाण्यात गेली का? अगदीच नाही. त्याच १८८२ च्या कायद्यात कलम ५३-अ आहे. लेखी करार असेल, त्याप्रमाणं ताबा मिळाला असेल आणि घेणाऱ्यानं आपली बाजू पाळली असेल, तर विकणारा किंवा त्याचे वारस "घर सोडा" म्हणून आले तरी त्यांना अडवता येतं. २४ सप्टेंबर २००१ पासून मात्र असा करार नोंदणी केलेलाच लागतो. काकांचा त्याआधीचा, म्हणून वाचले. पण या कलमावर घरात टिकून राहता येतं, मालक म्हणून विकता येत नाही की बँकेकडं गहाण ठेवता येत नाही.

"आणि बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं म्हणत्यात, त्ये?" काकांनी विचारलं. विचारणारच, चहाच्या प्रत्येक गाड्यावर हा कायदा फुकट मिळतो. बारा वर्षांचा प्रतिकूल ताबा ही कोर्टात सिद्ध करायची गोष्ट आहे: मालकाला माहीत असताना, त्याच्या हक्काला न जुमानता, उघडपणे, अखंड. जो माणूस "मी तुझ्याकडूनच घेतलंय" असा कागद दाखवतो, त्याला "मी तुझ्या विरुद्ध राहिलोय" हे सिद्ध करणं फार जड जातं.

कार्डावर कोण निघालं

शहरातल्या जुन्या भागात मिळकत सिटी सर्व्हेनं ओळखली जाते: सि.स.नं. अमुक, बी वॉर्ड किंवा ई वॉर्ड. कोल्हापुरात ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड आहेत आणि नंबर वॉर्डाशिवाय सांगितला तर त्याला अर्थ नाही, कारण तोच नंबर दुसऱ्या वॉर्डातही सापडतो. दस्तात तर कोल्हापूर शहर 'करवीर' म्हणून येतं: "तुकडी जिल्हा कोल्हापूर, पोटतुकडी तालुका करवीर..." नवीन माणसाला वाटतं ही आणि कुठली गावं!

या नंबराचा उतारा म्हणजे मालमत्ता पत्रक, बोलीत प्रॉपर्टी कार्ड. ते नगर भूमापन कार्यालयात असतं. वर नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सत्ताप्रकार (जमीन कुठल्या हक्कानं धरलीय ते), मूळ धारक. खाली तारीखवार एकेक व्यवहार: खरेदी, वारस, गहाण, बोजा (मिळकतीवरचं कर्ज) कमी. कार्ड वरून खाली वाचायचं आणि मग पुन्हा खालून वर. खालून वर जाताना प्रत्येक ओळीला विचारायचं: याच्याकडं हे कुठून आलं?

काकांच्या घराचं कार्ड काढलं. शेवटचं नाव विकणाऱ्याचं नव्हतंच. त्याच्या वडिलांचं होतं. वडील वारले १९७८ मध्ये, मृत्युपत्र नाही. बायको आधीच गेलेली. मुलं तीन: थोरला, धाकटा आणि निपाणीला दिलेली बहीण. बाँड लिहून दिला एकट्या थोरल्यानं.

इथं सगळ्या विषयाची गाठ आहे, म्हणून जरा थांबतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणं वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात तिघांचा सारखा हिस्सा. म्हणजे १९९४ मध्ये थोरल्याचा हक्क तिसरा हिस्सा. दस्तावर 'संपूर्ण मिळकत' लिहा, दोनशे साक्षीदार घाला, उद्या नोंदणी करा, तरी त्याला विकता येणार तेवढंच जेवढं त्याचं आहे. उरलेले दोन हिस्से धाकट्याचे आणि बहिणीचे, आणि ते दोघं कधी काकांशी काही बोललेच नव्हते. कलम ५३-अ त्यांच्याविरुद्ध कामाला येत नाही, कारण करार त्यांनी केलेला नाही.

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, मालकीची हमी देत नाहीत. माणूस तोच आहे का, मुद्रांक पुरा आहे का, हे बघतात. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, हे बघणं घेणाऱ्याचं काम. म्हणून वकिलाचा सर्च रिपोर्ट: साधारण तीस वर्षांचे दस्त, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि उतारे काढून मालकीची साखळी कुठं तुटलीय का ते बघायचं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामुळं जुन्या वाड्यांची साखळी मागं नेली की संस्थानी कागद लागतात, ते मोडीत असतात आणि मोडी वाचणारा शोधावा लागतो. शिवाय पुढारी, सकाळसारख्या दैनिकात जाहीर नोटीस द्यायची. लाखांच्या मिळकतीच्या व्यवहारात नोटिशीचा खर्च वाचवणारे लोक मी बघितलेत. कौतुक वाटतं त्यांचं!

सातबारा वाचताना

शहराबाहेर गेलं की कार्डाच्या जागी सातबारा येतो. नाव दोन नमुन्यांचं मिळून झालंय: गाव नमुना ७ म्हणजे हक्क, १२ म्हणजे पिकं. आपल्याकडं रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर लिहायची पद्धत, काही गावांत गट नंबर. उतारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. हा कागद ज्यांच्या हातून लिहिला जायचा त्या तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं तरी गावात कुणी "ग्राम महसूल अधिकारी आले का" असं विचारताना मी ऐकलेलं नाही. कोल्हापूरला तलाठ्याचा इतिहासही वेगळा आहे: शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले.

उताऱ्यावर लोक स्वतःचं नाव शोधतात, सापडलं की घडी घालतात. खरी माहिती नावाच्या आजूबाजूला असते.

नावापुढं 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकट्याचा मालक नाही, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. मागं भाऊ-बहिणी उभ्या आहेत. 'अ.पा.क.' म्हणजे मालक अज्ञान, वयानं लहान, आणि पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं. अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय घेतली, तर ते पोर मोठं झाल्यावर दारात येऊ शकतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावाला कंस पडलेला दिसतो. कंस म्हणजे ते नाव कमी झालं. का कमी झालं, हे फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत सापडतं, आपल्याकडच्या बोलीत डायरीत. नावाशेजारी डायरीचा नंबर असतो. तो घ्यायचा आणि डायरीचा उतारा काढायचा. एका व्यवहारात चार बहिणींच्या नावांना एकाच डायरीनं कंस पडला होता. डायरी काढली तर 'तोंडी वर्दीवरून', म्हणजे कुणीतरी नुसतं तोंडी सांगितलं म्हणून. ना हक्कसोडपत्र, ना कुणाची सही. पक्षकाराला म्हटलं, आधी बहिणींना शोधा, मग गूळ वाटा.

उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना मात्र शब्द न् शब्द वाचायचा. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, विहिरीतलं पाणी, कुळाचं नाव, वाटेचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथं. आणि वर भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन धरणाऱ्याचा हक्क कुठल्या प्रकारचा ते. वर्ग १ म्हणजे विकायला साधारण मोकळी. वर्ग २ म्हणजे सरकारची परवानगी लागणार, आणि ती न घेता केलेला व्यवहार पुढं रद्द होऊन जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जातो. कूळकायद्यात मिळालेली जमीन, वतनाची जमीन यांच्यावर अशाच अटी असतात.

कोल्हापूरकरांनी आणखी एक शब्द डोळ्यांत तेल घालून शोधायचा: देवस्थान. अंबाबाई, जोतिबा यांच्यासह हजारो देवळांच्या जमिनी या जिल्ह्यात आणि आसपास आहेत. बऱ्याच पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं. देवस्थान इनाम म्हणजे वर्ग ३. तिथं मालक देव आणि कसणारा वहिवाटदार. पाच पिढ्या कसली तरी त्याला ती विकता येत नाही. स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायला निघालेल्यांना आमचे वकीलसाहेब एवढंच विचारतात, "देवाची सही कोण आणणार?"

शेतजमिनीला दोन गोष्टी अजून. कूळकायद्याचं कलम ६३: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा: ठरावीक क्षेत्राखालचा तुकडा पाडून विकायला बंदी. शहरालगत एक-दोन गुंठ्याचे व्यवहार बाँडवर आणि वटमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) का झाले, त्याचं मूळ इथं आहे. अलीकडं सरकारनं यात सवलती दिल्यात, पण त्या भागाप्रमाणं आणि अटींप्रमाणं. एजंट म्हणतो म्हणून नव्हे, आपला सर्व्हे नंबर घेऊन तहसील कार्यालयात विचारायचं. पंचगंगेच्या बाजूचा प्लॉट असेल तर पूररेषाही बघायची: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत खरेदीपत्र होईल हो, घर होणार नाही.

कुठला दस्त कशाला

पैसे घेऊन कायमचं द्यायचं ते खरेदीपत्र. त्याआधी ठरलेल्या व्यवहाराचा आगाऊ करार म्हणजे आपल्याकडचं संचकारपत्र. पुण्याकडं साठेखत म्हणतात. संचकार देऊन मिळकत आपली होत नाही, ठरल्याप्रमाणं खरेदी करून मागायचा हक्क येतो. रोखीत वीस हजार किंवा जास्त देऊ-घेऊ नये, आयकर कायद्यात बंदी आहे.

बक्षीसपत्र म्हणजे जिवंतपणी, मोबदला न घेता. ते घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलं पाहिजे, दोन साक्षीदार आणि नोंदणी हवी. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं, मयत मुलाची बायको यांना दिली तर मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये. शहरात वर स्थानिक अधिभार पडतो. दुकान गाळा असेल किंवा भावाला द्यायचं असेल तर ही सवलत नाही. आणि एक भाबडा सल्ला: सगळं बक्षीस देऊन हात रिकामे करू नका. राहण्याचा हक्क दस्तात लिहून घ्या. लेक चांगला आहे म्हणून लाजू नका, मी चांगल्याच लेकांचे दस्त टाइप करतो.

हक्कसोडपत्रात सहहिस्सेदार आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडतो. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र. आपल्याकडं याला 'बहिणींच्या सह्या घेणं' म्हणतात आणि साडीचोळीवर उरकतात. बहिणीनं राजीखुशीनं सोडलं तर प्रश्न नाही. पण तिला माहीत असावं की काय सोडतेय. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, केंद्राचा बदल ९ सप्टेंबर २००५ ला आला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही.

वाटणीपत्र सगळ्या हिस्सेदारांचं मिळून. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये सरकारनं माफ केली, तेव्हा जुन्या तोंडी वाटण्या कागदावर आणायला हा काळ बरा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरी नोंदणी करावी. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो सांभाळणारा, हक्क वारसांचाच.

राहिलं वटमुखत्यारपत्र. ते दुसऱ्याला आपल्या वतीनं काम करायचा अधिकार देतं, बस्स. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असा तिहेरी जोड देऊन 'विक्री' करायची जी चाल पडली होती, ती मालकी देत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ ला सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं. देणारा मेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं.

फ्लॅटचं थोडक्यात. बिल्डरशी नोंदणीकृत करारनामा होतो, मुद्रांक तिथंच भरला जातो. पण तेवढ्यानं सगळं संपत नाही. आपल्याकडं बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथं इमारतीचं घोषणापत्र आणि तुमच्या नावचं अपार्टमेंट डीड दोन्ही नोंदवलेलं हवं. सोसायटी असेल तर जमिनीचं हस्तांतर सोसायटीच्या नावे. बिल्डर टाळत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा) अर्ज करता येतो.

खर्च आणि कचेरी

मुद्रांक कशावर? दस्तातली रक्कम आणि रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकाचं मूल्यांकन, यातलं जे जास्त त्यावर. समजा शहरातलं घर ४० लाखांना ठरलं आणि मूल्यांकन ४४ लाख आलं. कोल्हापूर महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक कर, म्हणजे ४४ लाखांवर ६ टक्के: २ लाख ६४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एकूण २ लाख ९४ हजार. घर राहतं असून फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट, म्हणजे ४४ हजार वाचले. व्यवहार ५० लाख किंवा वर गेला तर घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायचा, हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळतं.

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करायचा. पुढचे चार महिने दंड भरून. त्यानंतर नाही. टाइप झालेला दस्त घरी नेऊन वाचा, पण किंमत आणि नाव एवढंच नको, चतुःसीमा वाचा. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, बोळ कुणाचा, जिना सामाईक की नाही. पेठेतली निम्मी भांडणं बोळाची असतात.

नोंदणी झाली की लगेच सातबारा किंवा कार्ड बदलत नाही. नोंदणीकृत दस्ताची माहिती कचेरीतून ऑनलाइनच तिकडं जाते, वेगळी वर्दी द्यायची सक्ती नाही. गावात फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर सुनावणी, पुढं प्रांतांकडं अपील. शहरात नगर भूमापन अधिकारी. वारसनोंदीला मात्र आपणच अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन; हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. मग घरफाळा, पाणी, लाइट. क्रम असा. काकांनी तो शेवटून सुरू केला होता आणि सुरुवातीला पोचलेच नव्हते.

निपाणीची आत्या

आधी कार्डावर १९७८ साली वारलेल्या वडिलांच्या वारसांची नोंद केली. थोरला मध्यंतरी वारलेला, म्हणून त्याची बायको आणि दोन मुलगे, धाकटा, आणि बहीण. पाच जणांना 'लिहून देणार' म्हणून उभं करायचं आणि काकांना 'लिहून घेणार'. थोरल्याची मुलं बापाचा बाँड मानायला तयार झाली. धाकट्यानं महिनाभर घोळवलं, मग आकडा सांगितला. मुद्रांक अर्थात आजच्या मूल्यांकनावर. १९९४ ची किंमत सरकारला मान्य नाही.

सगळ्यांना वाटलं होतं की बहीण, म्हणजे थोरल्याच्या मुलांची आत्या, साडीवर सही देईल. आत्या म्हणाली, "साड्या माझ्याकडं हाईत. माझ्या बापाचं घर हाय, माझा वाटा खात्यावर घाला. रोख नगं, पोरं उडवत्यात." भाच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "धनादेशाचा मजकूर घाल."

नोंदणीच्या दिवशी आत्या निपाणीहून सकाळच्या एसटीनं आली. फोटो झाला. अंगठ्याला मशीन काही दाद देईना. एकदा, दोनदा, पाच वेळा. पदराला पुसून, रुमालाला पुसून, पाण्याचं बोट लावून. मागं रांग चुळबुळायला लागली. ऑपरेटरनं अंगठा उजेडात धरून बघितला. चाळीस वर्षं विड्या वळून रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. शेवटी डाव्या हाताचं बोट लागलं.

इंडेक्स टूचा कागद बाहेर आला. काकांनी तो घेतला, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि मिठाईच्या पिशवीत घालायला लागले. मी म्हटलं, "त्यात नको, फाइल देतो." त्यांनी पिशवीतून जुना बाँड काढून माझ्यापुढं धरला. "आता ह्याचं काय करू?"

"ठेवा. खरेदीपत्रात त्याचा उल्लेख आहे. आणि महिन्याभरानं या, कार्डावर नोंद झाली का बघू."